ही दवाखान्याची गाडी नाही

चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी आम्ही आमची नवी कॅम्पर गाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका कॅम्पवर नेऊन उभी केली आणि दुपारी दोनपर्यंत ती सरळ करत बसलो.

माझे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भोर-वेल्ह्यातली निम्मी शेतं या माणसानं मोजली, भावाभावांतले बांध ठरवले. पण एक गाडी त्यांना सपाट करता येईना. गवंड्याची पाणसळ गाडीतल्या ओट्यावर ठेवायची, बुडबुडा कुठं जातो ते बघायचं, मग खाली उतरून चाकाखाली लाकडी गुटका सरकवायचा. पुढचं चाक उचललं की बुडबुडा मागं पळे. मी दारात उभी राहून सांगत होते, "डावीकडं." ते खालून विचारत होते, "माझ्या डावीकडं की तुझ्या?" चार-पाच वेळा असं झाल्यावर मला माझी डावी बाजू कुठली तेच कळेना.

गाडी म्हणजे मुळात प्रवासी टेम्पो. पुण्यातल्या एका कारखान्यात देऊन यांनी तो आतून बदलून घेतला होता. मागं पलंग, मधे दोन शेगड्यांचा ओटा आणि वाटीएवढं सिंक, पुढं घडीचं टेबल, कोपऱ्यात उभं कपाट वाटावं असा संडास. बाहेरून पांढरी शुभ्र आणि कमरेच्या उंचीवर चारी बाजूंनी लाल पट्टा. मला निळा पट्टा हवा होता. मला कुणी विचारलं नाही, किंवा विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही. त्या दिवसांत दोन्ही शक्य होतं.

कारण मी नुकतीच निवृत्त झाले होते, दोन महिनेही झाले नव्हते. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्स होते. बाळंतपणाच्या वॉर्डात उमेदीची वर्षं गेली आणि शेवटची अकरा वर्षं ऑफिसात: ड्यूटीचे तक्ते, रजेचे अर्ज, कोण कुणाच्या जागी. पेशंटच्या अंगाला माझा हात लागला त्याला अकरा वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर भोरच्या घरी आलो, तेव्हा सकाळी उठून मी आवरून बसायची आणि कुठं जायचं ते आठवेना. त्यावर यांनी काढलेला उपाय म्हणजे ही गाडी. "फिरू. जिथं वाटेल तिथं राहू," ते म्हणाले. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सापडलं नव्हतं.

कॅम्पची जागा म्हणजे पूर्वीची नाचणीची शेतं. मालकानं उतारावरचे तीन टप्पे सपाट करून घेतले होते, प्रत्येक टप्प्यावर एक नळ आणि विजेचा एक खांब. मालक चाळिशीचा, अंगानं बारीक, पुण्यात कंपनीत नोकरी करून परत आलेला. "शनवार-रैवारी गर्दी आसती," तो म्हणाला. "आत्ता तुमीच. खुशाल ऱ्हावा. रेंज मात्र हितं न्हाई. वरच्या बांधावर गेलं की येती."

दुपारी मी सामान लावायला घेतलं. घरी डोळे मिटून हात घातला तरी जिऱ्याचा डबा हाताला येतो. इथं प्रत्येक खण उघडला की दुसरा बंद करावा लागे, नाहीतर मधे उभं राहता येत नसे. जिरं कुठं ठेवलं ते विसरून मी हिंगाच्या डबीत चमचा घातला. दारापाशी आठ बटणं ओळीनं होती, एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. दिवा लावायला गेले तर पाण्याचा पंप घरघरला. पंप बंद करायला गेले तर छतावरचा पंखा फिरायला लागला. कुठल्याशा बटणानं गाडीच्या पोटात कुठंतरी बारीक शीळ वाजायला लागली आणि ती कशानं थांबली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. हे छापील पुस्तक घेऊन बसले होते. "यात शिट्टीचं काही नाही," म्हणाले.

संध्याकाळी समोरच्या उतारावर धूर दिसला. निळसर, दाट, एका जागेवरून वर चढणारा. मी ओरडलेच, "अहो, डोंगर पेटला!" बादली घेऊन खाली धावले. मालक नळाशी हात धूत होता. त्यानं माझ्या बादलीकडं बघितलं, मग धुराकडं.

"राब भाजत्यात, ताई," तो म्हणाला. "भाताच्या रोपासाठी. दर सालाला भाजत्यात."

मी भोरची. राब भाजताना लहानपणापासून बघितलेले. पालापाचोळा, शेण, वर माती, मग आग. तो वाससुद्धा ओळखीचा होता. तरी मला तो डोंगराचा वणवा वाटला. बादली भरलेली होती म्हणून मी ती शेजारच्या करवंदीच्या जाळीला घातली आणि काहीच झालं नाही असं दाखवत वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी चहाचं आधण ठेवलं होतं. खिडकीतून बघते तर गाडीसमोर चार बायका बसलेल्या. दोघी दगडावर, एक जमिनीवर, आणि एक म्हातारी आमच्या पायरीवर. म्हातारीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

मी दार उघडलं. म्हातारीनं मागं वळून एक हात लांब केला, पोलक्याची बाही वर सारली आणि म्हणाली, "बघा."

"काय बघू?"

"बीपी. आन गोळ्या संपल्यात. ह्या, पांढऱ्या व्हत्या."

मला काही उमजेना. मी यांना हाक मारली, हे मागच्या चाकाशी पाणसळ घेऊन बसले होते. जमिनीवर बसलेली बाई म्हणाली, "मंगळवारची गाडी येती ना दवाखान्याची, ती दर बारीला खालीच थांबती. आज वर कशापाई लावली, आमाला लई चढावं लागलं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पांढरी गाडी, लाल पट्टा, मंगळवार.

"अहो, ही दवाखान्याची गाडी नाही," मी म्हटलं. "आमची आहे. आम्ही इथं राहायला आलोय."

"ऱ्हायाला?" म्हातारी म्हणाली. तिनं मान लांब करून आत बघितलं. पलंग बघितला, शेगडी बघितली, उकळणारा चहा बघितला. "आन घर?"

"घर आहे भोरला."

"मग?"

म्हातारीनं हात अजून तसाच धरला होता. तो हात बघून मी आत गेले आणि यांच्यासाठी ठेवलेलं बीपीचं मशीन घेऊन आले. का आणलं, मला सांगता येणार नाही. कुणी समोर हात धरला की आपण काहीतरी करायचं, एवढंच अंगात उरलं असावं. मी नर्स होते हे मी त्यांना सांगितलं नाही. पण दंडाला पट्टा बांधताना एकीनं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "सिष्टर हायसा व्हय." मग काही लपवायचं राहिलं नाही.

म्हातारीचं बीपी ठीक होतं. बाकीच्या दोघींचंही. चौथी जी दगडावर बसली होती ती उठली तेव्हा मला कळलं की ती पोटुशी आहे. वीस-एकवीस वर्षांची, पिवळा गाऊन, त्यावर ओढणी. आठवा महिना लागला होता, पहिलीच खेप. चढून आल्यानं धापा टाकत होती. गाडीतल्या घडीच्या टेबलावर तिचा हात ठेवून मी मशीन लावलं. वरचा आकडा एकशे अडुसष्ट, खालचा एकशे बारा.

मी पुन्हा लावलं. एकशे पन्नास, शहाण्णव. तिसऱ्यांदा लावलं तर मशीननं आकडाच दाखवला नाही, नुसतं इंग्रजी अक्षर. टेबल एका बाजूला कललेलं होतं. सेल जुने होते. मुलगी उन्हातून चढून आली होती. मी या सगळ्या गोष्टी एकामागोमाग एक मनात मांडल्या आणि मला त्या पुरेशा वाटल्या.

"डोकं दुखतं का?" मी विचारलं.

"थोडं. उनाचं आसंल." मग ती हसून म्हणाली, "आन डोळ्याम्होरं चिलटं उडत्यात. आत्या म्हणत्यात, हितं चिलटं लईच झाल्यात यंदा."

चिलटं खरोखरच होती. चहाच्या भांड्याभोवती घोंघावत होती. मी हातानं ती हाकलली. तिला म्हटलं, "तू चढून आलीस, म्हणून वाढलंय. सावलीत पड. मीठ कमी खा. उद्या सकाळी परत ये, पुन्हा बघू."

ती "बरं" म्हणाली आणि बाकीच्यांबरोबर उतरून गेली. तिची पावलं मी बघितली. चपलेच्या पट्ट्यांनी सुजलेल्या पावलात खाचा पाडल्या होत्या. मी ते बघितलं. नीट बघितलं. आणि आत येऊन डाळ धुवायला घेतली.

आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं ते हेच. जी गोष्ट वॉर्डात नव्या आलेल्या विद्यार्थिनींना मी स्वतः शिकवायची, आठवा महिना, सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं ठिपके, ती माझ्यासमोर बसून गेली आणि मी तिला मीठ कमी खा सांगितलं. मला कळलं नाही असंही नाही, आणि कळलं असंही नाही. दोन्हींच्या मधे मी कुठंतरी होते.

सव्वादहाच्या सुमाराला कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी ओट्यापाशी उभी होते आणि चिलटं हाकलत होते. हाकलता हाकलता हात थांबला. ती मुलगी बसली होती त्या वेळी चिलटं चहाच्या भांड्यापाशी होती. तिच्या डोळ्यांपुढं नव्हती.

मी गॅस बंद केला. "अहो, मी खाली गावात जाऊन येते," एवढंच म्हटलं आणि निघाले. उतारावर दोनदा घसरले. गावात शिरल्यावर लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही, आडनाव माहीत नाही. पहिल्या आळीत एका ओट्यावर पुरुष बसले होते. "कुणाकडं, बाई?" त्यांनी विचारलं. मी नुसतीच उभी. दुसऱ्या आळीत शिरले तर फिरून परत त्याच ओट्यापाशी आले. "कुणाकडं जायाचंय?" पुन्हा तोच प्रश्न. शेवटी नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, "पिवळा गाऊन. आठवा महिना."

"मंग तसं सांगा की," ती म्हणाली. "विहाराच्या मागं."

विहाराला रंग चालला होता. तीन दिवसांवर जयंती आली होती. दोन माणसं शिडीवर चढून निळ्या पताकांच्या दोऱ्या ताणत होती, खाली अंगणात बायकांनी धान्य निवडायला घेतलं होतं. विहाराच्या मागच्या घरात पिवळ्या गाऊनमधली ती मुलगी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. शेजारी तिची सासू. पन्नाशीची, कपाळावर घाम, पदर खोचलेला.

मी सासूला म्हटलं, "हिला लगेच दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"सकाळीच तर तुमच्याकडं आली व्हती," सासू म्हणाली. "तुमी म्हनला, उद्या या."

"हो. म्हटलं होतं. पण आता न्यायला पाहिजे."

"सकाळी उद्या म्हनता, आन आता लगीच म्हनता." ती चिडली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं, आणि तिची काही चूक नव्हती. "हिकडं जयंती हाय. पाव्हणे येनार. मुलगा माझा हायवेला कंपनीत, त्याची सेकंड शिप्ट, तो रातीलाच येतो. जयंती झाली की शनवारी नेतो की."

मी बीपी म्हटलं, सूज म्हटलं, झटके येऊ शकतात म्हटलं. जेवढं बोलत गेले तेवढं माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. माझा आवाज चढला होता आणि वाक्यं अर्धी तुटत होती. अंगणातल्या बायका निवडायचं थांबवून बघत होत्या. मशीन खरं की खोटं, मला अजूनही माहीत नव्हतं. समजा खोटं निघालं तर? या घरची जयंती मी मोडते आहे, दोन दिवसांची पाहुणी, ज्या गाडीला दवाखाना समजून हे लोक चढून आले त्या गाडीतली.

चुलीपाशी बसलेली मुलगी परातीवर हात ठेवून जाळाकडं बघत होती. मग ती म्हणाली, "आत्या, मला चुलीतला जाळ दोन दोन दिसतोय."

सासूनं तिच्याकडं बघितलं. मग तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पदर सोडून म्हणाली, "चल."

रेंज गावात नव्हती, मंगळवारची दवाखान्याची गाडी अजून आली नव्हती, बांधावर चढून अँब्युलन्स बोलवायची तर ती येईपर्यंत फार वेळ गेला असता. कॅम्पचा मालक त्याची जीप घेऊन विहाराच्या रंगाचे डबे आणायला वेल्ह्याला गेलेला. राहिली आमचीच गाडी. चढण असल्यानं मुलीला वर नेता येईना, म्हणून मी पळत वर आले आणि यांना म्हटलं, "गाडी खाली न्यायचीय. आत्ता."

यांनी चार चाकांखाली गुटके घालून, आदल्या दिवशीपासून झगडून, नुकतीच ती सपाट केली होती. बुडबुडा मधोमध आला होता. दाखवायला म्हणून ते पाणसळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि एकही प्रश्न न विचारता ती गवतावर टाकली.

पण गाडी काही नुसती चालू करून निघत नाही. बाजूचं कापडी छप्पर उघडलेलं, ते गुंडाळताना अडकलं. विजेची वायर खांबाला, पाण्याची नळी नळाला, सांडपाण्याची नळी खाली डब्यात. मी एक सोडवायची, हे दुसरी. मी सोडवलेली नळी यांनी पुन्हा जोडली, कारण त्यांना वाटलं ती सुटली. पायरी आत ढकलायची राहिली. निघताना ती एका दगडाला घासली आणि वाकली. कुकर तसाच ओट्यावर होता.

विहारापाशी आम्ही मुलीला पलंगावर डाव्या कुशीवर झोपवलं. सासू तिच्या पायाशी. मी खाली गुडघ्यांवर बसून तिला धरून. वेल्ह्याचा रस्ता म्हणजे वळणावर वळण. पहिल्याच वळणाला वरचे सगळे खण उघडले, कारण ते बंद करायची कडी असते हे मला माहीत नव्हतं. पोहे सांडले, चहाचा डबा माझ्या खांद्यावर आपटला, कुकर गडगडत दारापर्यंत गेला आणि झाकण लागलेलं असल्यानं तेवढी डाळ वाचली. कशाचा तरी धक्का लागून पंप सुरू झाला आणि ते वाटीएवढं सिंक भरून वाहायला लागलं. सासूनं पाय वर घेतले. "ह्ये काय, ह्ये काय," ती म्हणत राहिली. पुढून हे ओरडले, "कुठलं बटण दाबलंस?" मी ओरडले, "मी काहीच दाबलं नाही!"

मुलगी डोळे मिटून पडली होती. तिच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली होती. ती मोजायला मी घड्याळाकडं बघायची आणि वळण आलं की आकडा विसरायची. मग मी मोजणं सोडलं. नुसती बोटं ठेवून बसले.

वेल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पाऱ्याच्या मशीननं बीपी घेतलं, लघवी तपासली आणि पाचव्या मिनिटाला इंजेक्शन भरायला घेतलं. "एकशे ऐंशी, एकशे वीस," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही."

"मग?"

"आम्ही इथं फिरायला आलोय," मी म्हटलं. पायजम्याला पोहे चिकटलेले होते.

अँब्युलन्सनं मुलीला पुण्याला हलवलं. सासू बरोबर गेली. जाताना तिनं खिडकीतून माझा हात धरला. आम्ही दोघं दवाखान्याच्या आवारात गाडीतलं पाणी फडक्यानं टिपत बसलो. यांनी पोहे गोळा केले. मग आम्ही तिथंच कुकर उघडला आणि थंड डाळ वाटीत घेऊन खाल्ली. "तुला आकडा कळला कसा?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "मशीन होतं ना." सकाळी तिला परत पाठवलं होतं हे त्यांना सांगितलं नाही. ते मागच्या चाकाशी होते, त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

रात्री मालकानं बांधावरून फोन करून बातमी आणली. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. बाळ लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. आई बरी आहे.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. एकानं आंबे आणले, एकीनं दुधाचा तांब्या. रंगाच्या शिडीवर चढलेला एक माणूस येऊन म्हणाला, "ताई, तुमी देवावानी आला." शुक्रवारी जयंतीला त्यांनी आम्हाला दोघांना बोलावून पुढं बसवलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून बसले होते, आणि ते सगळे तो माझा नम्रपणा समजत होते. मला वाटत होतं, उठून सांगावं. आणि मला वाटत होतं, कशाला सांगावं, चांगलंच तर झालं. ऑफिसात अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांच्या नोंदी केल्या, तेव्हा त्या किती स्पष्ट दिसायच्या. कोण कुठं चुकलं, किती वाजता. माझी चूक मात्र कुठं संपते आणि त्यानंतरचं बरं केलेलं कुठं सुरू होतं, ते मला लावता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सासू वर आली. गुरुवारी रात्री ती जयंतीसाठी गावी परतली होती, आता पुन्हा पुण्याला निघाली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांचं गाठोडं, बाळासाठी. शेजारच्या टप्प्यांवर पुण्याहून आलेल्या मुलामुलींचे तंबू लागले होते, गाणी चालली होती. यांना मालक पाण्याची लाइन दाखवायला वरच्या बांधावर घेऊन गेला होता. मी तिला आत बोलावलं, चहा केला.

चहा पिताना ती म्हणाली, "तुमी नसता तर..." आणि थांबली.

मी म्हटलं, "असं म्हणू नका. सकाळीच ती माझ्यासमोर बसली होती. आकडा मी बघितला होता, पाय बघितले होते. डोळ्यांपुढं चिलटं उडतात म्हणून तिनं सांगितलं होतं. ते सगळं काय असतं हे मला पाठ आहे. तरी मी तिला परत पाठवलं. दोन तास. त्या दोन तासांत काहीही झालं असतं."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी तिच्या बशीकडं बघत राहिले.

बाहेरची गाणी तेवढी ऐकू येत होती. मग तिनं बशी खाली ठेवली.

"आट दिस," ती म्हणाली.

"काय?"

"आट दिस ती सांगत व्हती. आत्या, डोकं दुखतंय, आत्या, डोळ्याम्होरं कायबाय दिसतंय. म्या म्हनलं, चिलटं असतील. म्या म्हनलं, आमी काय पोरं जन्माला घातली न्हाईत व्हय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी दोन तास म्हनता. म्या आट दिस."

तुमची चूक नाही म्हणावं, तर माझीही नाही असं होतं. आहे म्हणावं, तर कुणी कुणाला म्हणायचं. आम्ही दोघी त्या अरुंद गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो आणि दोघींपैकी कुणालाच दुसरीला माफ करण्याचा अधिकार नव्हता.

"पोरीला सांगितलं?" मी विचारलं.

"तिला ठावं हाय की," ती म्हणाली. "तीच तर सांगत व्हती."

एस्टीची वेळ झाली म्हणून ती उठली. डबा तिच्या हातात, गाठोडं मी घेतलं आणि तिच्याबरोबर फाट्यापर्यंत उतरले. फाट्यावर आंब्याखाली उभ्या राहिलो. एस्टी आली, थांबली. ती आधी चढली आणि गाठोड्यासाठी हात पुढं केला. मी गाठोडं दिलं. हात तिनं तसाच ठेवला.

"या की," ती म्हणाली. "बघून येऊ."

माझ्या पायात घरातली चप्पल होती. फोन गाडीत, पर्स गाडीत, ओट्यावर भाजी चिरून ठेवलेली. मी चढले. दार लागलं, एस्टी निघाली. मी तिच्या शेजारी बसले आणि गाठोडं आमच्या दोघींच्या मांडीवर अर्धं अर्धं आलं. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी तिच्याकडं बघितलं. तिनं दोघींची तिकिटं काढली.

वेल्हे आलं तेव्हा तिच्या मोबाईलला रेंज आली. यांचा नंबर मला पाठ होता. अनोळखी नंबर बघून ते म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मी."

"तू कुठंयस? मी गाडीत बघितलं, संडासात बघितलं. तंबूवाल्यांना विचारलं. आता कुणाला तरी फोन करावा म्हणून परत बांधावर आलोय."

"एस्टीत आहे. पुण्याला चाललेय. बाळाला बघायला."

"अशीच?"

"अशीच."

मग ते म्हणाले, "बरं. वाटेत काहीतरी खा. त्या बाईंनाही खायला घाल."